बर्फ दाखवा, उंची नको

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच घराघरांत पुढच्या सुट्टीचा विषय निघतो, आणि गेली काही वर्षं त्या विषयात बर्फ हमखास असतो. महाबळेश्वर झालं, कोकण झालं, गोवा झाला. आता मुलांना बर्फ दाखवायचाय. जमलं तर स्कीइंगही. मग नाताळच्या सुट्टीतली विमानाची तिकिटं शोधली जातात, पर्यटन कंपनीकडून 'सहा रात्री, सात दिवस' असा कार्यक्रम व्हॉट्सॲपवर येतो आणि त्यात हॉटेलचे तारे, नाश्त्याचे प्रकार, गाडीची जात सगळं लिहिलेलं असतं. एक गोष्ट मात्र कधीच नसते. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं आहे, हे कुणी लिहीत नाही आणि कुणी विचारतही नाही.

ठाण्यातलं एखादं कुटुंब डोळ्यांसमोर आणावं. आई, वडील, सात वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखत असले तरी 'काश्मीर एकदा बघायचंच' म्हणणारी आजी. कार्यक्रम ठरलेला: पहिल्या दिवशी मुंबईहून श्रीनगर, दुसऱ्या दिवशी सकाळी गुलमर्ग, दुपारी गोंडोलाने थेट दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे अफरवटच्या माथ्याजवळ. संध्याकाळी मुक्काम गुलमर्गला. कागदावर यात काहीच वावगं दिसत नाही. पण हा कार्यक्रम तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाला समोर ठेवून आखलेला आहे आणि अडीच वर्षांची मुलगी त्यात सामानासारखी सोबत घेतलेली आहे. लहान मुलं असलेल्या घराची बर्फातली सहल उलट्या बाजूने आखावी लागते. सगळ्यांत लहान जीव कोण, इथून सुरुवात करायची आणि मग बाकीच्यांनी आपली हौस त्याभोवती बसवायची.

उंचीचा हिशेब आधी. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. श्रीनगर शहर साधारण १,५८५ मीटरवर आहे. म्हणजे विमानातून उतरतानाच ठाण्याचं कुटुंब जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर उतरतं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा साधारण ३,१०० मीटरवर आणि दुसरा जवळजवळ ३,९५० मीटरवर. महाराष्ट्रात जन्मलेल्या, वाढलेल्या माणसाच्या शरीराला दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्याहून वरच्या हवेचा अनुभव नसतो. आणि तिथे आपण त्याला मुंबई सोडल्यानंतर दीड दिवसात, तोही पाळण्यात बसवून, नेऊन ठेवतो.

'वर ऑक्सिजन कमी असतो' असं सगळेच म्हणतात. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. मुंबईच्या किनाऱ्यावर तो पाऱ्याच्या स्तंभात मोजला तर ७६० मिलिमीटर भरतो, गुलमर्गला ५५०च्या आसपास आणि अफरवटवर साधारण ४७०. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसात जाणारा ऑक्सिजन कमी. गुलमर्गला तो मुंबईच्या पाऊण भागाहून थोडा कमी, अफरवटवर ६० टक्क्यांच्या किंचित वर. शरीर यावर उपाय करतं. श्वास जलद होतो, हृदय जोरात चालतं, मूत्रपिंडं रक्तातल्या आम्ल-क्षारांचं गणित नव्याने मांडतात. पण या सगळ्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. तेवढा वेळ दिला नाही की डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं, भूक मरणं अशी लक्षणं दिसू लागतात. याला विरळ हवेचा त्रास म्हणतात. साधारण अडीच हजार मीटरच्या वर तो दिसू लागतो, बहुधा पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका रात्री.

मोठ्या माणसाला डोकं दुखतंय हे सांगता येतं. अडीच वर्षांच्या मुलीला येत नाही. ती किरकिर करते, जेवत नाही, खेळण्यात रमत नाही, उलटी करते, रात्री दर अर्ध्या तासाने रडत उठते. आणि घरच्यांकडे या प्रत्येकाचं उत्तर तयार असतं. उलटी? घाटात गाडी लागली. जेवत नाही? हॉटेलचं तिखट जेवण. रडते? जागा बदलली, दमली, नजर लागली. यांतलं काहीही खरं असू शकतं. तरी उंचीवर पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत लहान मूल असं वागू लागलं, तर दुसरं कारण ठामपणे सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरून चालावं. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, हा पहिला नियम. त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं, हा दुसरा. आणि बसल्या जागी धाप लागणं, न थांबणारा खोकला, ओठ निळसर पडणं, चालताना तोल जाणं किंवा मूल नेहमीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने गुंगलेलं वाटणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. गुलमर्गच्या बाबतीत एक सोय अशी, की तंगमर्ग अवघ्या तेरा किलोमीटरवर आणि सुमारे पाचशे मीटर खाली आहे. मात्र बर्फ पडून रस्ता बंद झाला तर हेच तेरा किलोमीटर फार लांब होतात. म्हणून मुक्कामाच्या रात्रीचा हवामानाचा अंदाज पाहणं ही हौस नाही, औषधाच्या पेटीइतकीच गरज आहे.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. गोंडोलाने तासाभरासाठी वर जाऊन खाली आलेल्या बहुतेक मुलांना काहीही होत नाही. त्रास मुख्यतः झोपण्याच्या उंचीवर ठरतो. दिवसा थोडं वर जाऊन रात्री खाली येणं शरीराला बरंच मानवतं. मग दुसऱ्या टप्प्याला विरोध कशासाठी? कारण तासाभराचे चार तास व्हायला वेळ लागत नाही. नाताळच्या गर्दीत खाली उतरायची रांग लांबते, वारा वाढला की पाळणे थांबतात आणि चार हजार मीटरच्या वाऱ्यात उघड्यावर उभं असलेलं लहान मूल मोठ्यांच्या कितीतरी आधी गारठतं. शिवाय अडीच वर्षांच्या मुलीला पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा यातला फरक कळत नाही. बर्फ तिला हॉटेलच्या अंगणातही तेवढाच पांढरा दिसतो. वर जायची हौस कुणाची आहे, हे पालकांनी स्वतःशी एकदा मान्य केलं की निम्मा प्रश्न सुटतो.

या उंचीच्या भीतीवर बाजाराने तीन उपाय शोधून ठेवलेत. पहिला कापूर. पर्वतावर जाताना कापराची पुरचुंडी गळ्यात बांधली किंवा रुमालात धरून हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा समज देशभर पसरलाय. कापराने नाकाला गार, मोकळं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर हा उपाय सरळ धोकादायक आहे. कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. ती पुरचुंडी मुलीच्या गळ्यात बांधणं म्हणजे विष तिच्या तोंडाजवळ टांगणं. दुसरा उपाय ऑक्सिजनचे छोटे डबे. त्यांतला साठा जेमतेम काही मिनिटं पुरतो. रुग्णवाहिका येईपर्यंतही तो टिकत नाही आणि 'आपल्याकडे ऑक्सिजन आहे' या खोट्या धीरापायी खाली उतरायला उशीर मात्र होतो. तिसरं, कोरोनाच्या दिवसांत घराघरांत आलेला ऑक्सिमीटर. तो न्यायला हरकत नाही, पण गार पडलेल्या बोटावर तो काहीही आकडे दाखवतो, आणि घरी ९८ दाखवणाऱ्या यंत्राने गुलमर्गला नव्वदीच्या सुरुवातीचा आकडा दाखवला तर ते तिथलं नेहमीचंच आहे. आकड्यापेक्षा मुलाकडे पाहावं. ते हसतंय, खातंय, बर्फाचे गोळे फेकतंय, तर आकडा दुय्यम.

विरळ हवेच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी मिळते आणि सहलीच्या गटांमध्ये तिचे डोस गरम मसाल्याच्या प्रमाणासारखे एकमेकांना सांगितले जातात. मुलांना ती द्यायची की नाही, वजनानुसार किती, हे बालरोगतज्ज्ञाने ठरवावं. मुक्काम टप्प्याटप्प्याने वाढवायला वेळ असेल तर मुलांना तिची गरज सहसा पडतच नाही.

काही मुलांना मात्र निघण्याआधी डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. हृदयात जन्मजात दोष असलेली, मग त्याची शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, दिवस भरण्याआधी जन्मल्याने फुप्फुसं कच्ची राहिलेली, डाउन सिंड्रोम असलेली, दमा असलेली. साधी सर्दी-खोकलाही इथे साधा राहत नाही. नुकताच छातीत कफ भरून गेलेल्या मुलाच्या फुप्फुसात उंचीवर पाणी साचण्याचा धोका वाढतो. निघायच्या आदल्या दिवशी मुलाला ताप आणि खोकला असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, असं ठरवायला धैर्य लागतं, पण तेच शहाणपण आहे. निदान मुक्काम श्रीनगरलाच ठेवून मूल बरं होईपर्यंत थांबता येतं. आणि वर्षाच्या आतलं बाळ? त्याला अडीच हजार मीटरच्या वर मुक्कामाला नेण्याचं एकही चांगलं कारण सापडत नाही. त्याला ही सहल आठवणार नाही. तिच्यातला धोका तेवढा त्याच्या वाट्याला येईल.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी पर्यटन कंपनीच्या कुठल्याच फॉर्मवर नसते: सिकलसेल. विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात, मेळघाटात आणि नंदुरबारकडे हा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि नोकरीनिमित्त तिथून मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली कुटुंबंही त्यात आली. आजार असलेल्या मुलाला उंचीवर आणि थंडीत नेणं म्हणजे रक्तपेशी वाकड्या व्हायला आमंत्रणच. पण ज्यांच्यात तो फक्त वाहक स्वरूपात आहे, ज्यांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही, अशांनाही उंचीवर डाव्या बरगडीखाली एकाएकी तीव्र कळ येऊ शकते. प्लीहेचा रक्तपुरवठा तुटल्याची ती खूण असते. तिथल्या डॉक्टरला रुग्ण वाहक आहे हे माहीत नसेल तर ते दुखणं अपचनावर ढकललं जातं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि सरकारी रुग्णालयांत ही रक्ततपासणी होते. ज्यांची मुळं या भागांत आहेत त्यांनी सहलीच्या निमित्ताने का होईना, ती करून घ्यावी.

उंचीबद्दल निदान बोललं तरी जातं. खोलीतल्या हवेबद्दल कुणी बोलत नाही, आणि बर्फाच्या प्रदेशातला सर्वांत शांत मारेकरी तिथेच असतो.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्ला-ए-कलान सुरू होतो, वर्षातली सर्वांत कडक थंडी. नळाचं पाणी गोठतं, रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. आपल्याकडची नाताळची सुट्टी नेमकी याच दिवसांत येते. मग खोली गरम ठेवायला बुखारी, म्हणजे लाकूड किंवा कोळशावर चालणारी शेगडी, पेटते. कुठे गॅसवरचा हीटर असतो. अंगाशी धरायला कांगडी, विलोच्या वेताच्या टोपलीतलं मातीचं निखाऱ्यांचं भांडं, दिलं जातं. बुखारीला छतातून बाहेर जाणारं धुराडं असतं. ते नीट असेल तर प्रश्न कमी. कांगडीला, शेगडीला, खोलीत ठेवलेल्या गॅस हीटरला धुराडं नसतं. मुंबईहून आलेलं कुटुंब गारठून दारं-खिडक्या घट्ट लावतं, फटींत टॉवेल कोंबतं, मुलं रजईत घालतं आणि झोपतं.

बंद खोलीत जळण अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात, म्हणून ती आधी बाधतात. आणि त्याची लक्षणं कोणती? डोकेदुखी, मळमळ, उलटी, गुंगी. म्हणजे हुबेहूब विरळ हवेचा त्रास. चुकीचं निदान करायला याहून सोयीची जागा नाही. घरच्यांना वाटतं उंची बाधली, म्हणून ते पांघरूण वाढवतात आणि झोपून राहतात. त्यात घरचा ऑक्सिमीटर दगा देतो, कारण ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला ओळखता येत नाही; रक्त विषारी झालेलं असतानाही तो उत्तम आकडा दाखवतो.

ओळखायची खूण एकच: एका खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं आणि बाहेरच्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर ते उंचीमुळे नाही. आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, कितीही थंडी असो, आणि मग विचार करायचा. झोपण्यापूर्वी कांगडी आणि गॅस हीटर खोलीबाहेर, खिडकी दोन बोटं उघडी, ऊब रजईतून मिळवायची. हॉटेल ठरवताना ताऱ्यांची संख्या विचारण्याऐवजी खोली कशाने गरम होते, हे विचारावं. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं हातात मावणारं, बॅटरीवरचं यंत्र बाजारात मिळतं. मुलांच्या बर्फातल्या गॉगलइतकंच ते सामानात हवं. न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हाच नियम. त्याने जीव जाण्यासाठी काश्मीरला जावं लागत नाही, मुंबई-पुण्यातल्या बंद न्हाणीघरांतून अशा बातम्या येतच असतात. गाडीचंही तसंच. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फ पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या हिमवादळात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांतच गेली, त्यात मुलं होती. बर्फाने धूर बाहेर पडायची नळी बुजलेली असताना उबेसाठी इंजिन चालू ठेवलं की तो धूर आत येतो. घाटात अडकलंच तर आधी खाली उतरून मागची नळी मोकळी करायची, अधूनमधूनच इंजिन चालवायचं आणि काच थोडी खाली ठेवायची.

कांगडीबद्दल अजून थोडं. फिरनच्या आत ती धरून बसलेला काश्मिरी माणूस पाहून पर्यटकांना मोह होतो. पण तो माणूस लहानपणापासून ती सांभाळायला शिकलेला असतो. आपली मुलं ती उलटवतात. शिवाय वर्षानुवर्षं कांगडी मांड्यांशी धरून होणारा त्वचेचा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकात नोंदला गेलाय, 'कांगडी कॅन्सर' याच नावाने. दोन दिवसांत तो होत नाही, भाजणं मात्र दोन सेकंदांत होतं.

थंडीचं गणितही मुलांचं वेगळं. शरीर जितकं लहान तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त, म्हणजे ऊब निसटायला वाट मोठी. त्यातून डोकं मोठं. कानटोपीवरून आजी मागे लागते ते बरोबरच आहे. चुकतं ते आतल्या कपड्यांत. सुती बनियन घामाने किंवा वितळलेल्या बर्फाने ओला झाला की ओलाच राहतो आणि अंगातली ऊब शोषतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर स्वेटर, त्यावर पाणी-वारा अडवणारं जॅकेट, आणि हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक भिजणारच. पाठीवरच्या पिशवीत बसवलेल्या मुलीबद्दल विशेष सावध राहायला हवं. बाबा चढ चढून घामाघूम झालेले असतात आणि मागे बसलेली मुलगी हालचाल न करता गोठत असते; पाय लोंबत असल्याने पट्ट्यांखाली रक्तप्रवाहही दबतो. दर पंधरा मिनिटांनी खाली उतरवून बोटं, नाक, कानाच्या पाळ्या पाहाव्यात. त्या पांढरट पडून बधिर झाल्या असतील तर आत नेऊन कोमट पाण्यात, कोपराला ऊबदार वाटेल इतपतच, बुडवाव्यात. बर्फाने चोळणं आणि शेकोटीजवळ धरणं दोन्ही चूक. बधिर बोटाला भाजल्याचं कळत नाही. आणि ब्रँडी. आपल्याकडे सर्दी झालेल्या मुलाला चमचाभर ब्रँडी देणारी घरं अजून आहेत. तिने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात ऊब बाहेर जाते आणि लहान मुलाच्या रक्तातली साखर खाली येते.

तंगमर्गला आणि मनाली-सोलंगच्या रस्त्यावर भाड्याने मिळणारे कोट आणि गमबूट ही आणखी एक कहाणी. दिवसाला अनेकांच्या अंगावरून फिरणारे ते कोट धुतले कधी जातात, हा प्रश्न न विचारलेला बरा. ते घ्यायचेच तर स्वतःच्या कपड्यांवरून घ्यावेत आणि टोपी मात्र घरचीच.

बर्फावर ऊन पडलं की डोळे दिपतात, तेवढ्यावर ते थांबत नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतो आणि दर हजार मीटरला हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. डोळ्यांचा पुढचा पडदा भाजतो, पण दुखू लागतो काही तासांनी. रात्री मूल डोळ्यांत वाळू गेल्यासारखं रडतं. रस्त्यावरचा शोभेचा गॉगल घालण्यापेक्षा न घातलेला बरा, कारण काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण अडत नाहीत. यूव्ही ४०० लिहिलेला, बाजूने बंद असणारा घ्यावा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही, कारण इथे ऊन खालून येतं.

आता स्कीइंग. आल्प्समधल्या अनेक स्की शाळा तीन-चार वर्षांपासून मुलं घेतात, पण त्या मुलांनी चालायला लागल्यापासून बर्फ पाहिलेला असतो आणि तिथे त्यांच्यासाठी वेगळा, कुंपण घातलेला उतार असतो. ठाण्याच्या अडीच वर्षांच्या मुलीसाठी स्की नाही, घसरगुंडी. सात वर्षांच्या मुलाला मात्र जरूर शिकवावं. या वयात तोल, धिटाई आणि ऐकण्याची वृत्ती तिन्ही असतात. गुलमर्गला १९६८ पासून केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहण संस्था आहे, नोंदणीकृत प्रशिक्षकही मिळतात. बाबांनी शिकवायला जाऊ नये. ज्याला स्वतःला थांबता येत नाही त्याने दुसऱ्याला थांबायला शिकवू नये. सकाळचे दोन तास पुरे, कारण दुखापती थकलेल्या मुलांना दुपारी होतात.

बूट भाड्याने घेताना पालक हमखास एक चूक करतात: थंडी म्हणून मोज्यांचे दोन जोड. बूट घट्ट होतो, रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट जास्त गारठतो. एकच चांगला लोकरी मोजा. बूट स्कीला जोडणारी पकड मुलाच्या वजनानुसार सैल-घट्ट करावी लागते. ती मोठ्यांच्या मापावर राहिली तर मूल पडल्यावर स्की सुटत नाही आणि लांब पट्टीच्या टोकाला पाय पिळला जाऊन नडगीचं हाड मोडतं. लहान मुलांमधला हा नेहमीचा अस्थिभंग आहे. दुकानदाराने मुलाचं वजन विचारलं नाही तर दुसरं दुकान बघावं.

हेल्मेटवर वाद नको. आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तर हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. मार्च २००९ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात शिकाऊ उतारावर, हेल्मेट न घालता, पडली. उठली, बोलली, ठीक आहे म्हणाली. काही वेळाने डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांत ती गेली. कवटी आणि मेंदूच्या आवरणात झालेल्या रक्तस्रावात असा फसवा मधला काळ असतो. म्हणून डोक्यावर पडलेलं मूल लगेच खेळायला लागलं, तरी त्या दिवशी पुन्हा उतारावर नाही. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, झोपेतून उठवणं जड जाऊ लागलं, तर रात्र असली तरी श्रीनगर. आणि हेल्मेट स्कीइंगपुरतंच का? मांडीत मूल घेऊन ओढगाडीवरून उतारावर सोडून देणारे पालक स्की करणाऱ्यांपेक्षा किती तरी जास्त असतात. त्या गाडीला ना पकड, ना ब्रेक, ना हेल्मेट. मोठ्याच्या मांडीतलं मूल आपटतं तेव्हा मोठ्याचं वजन त्याच्यावर येतं.

राहता राहिला प्रश्न सुट्टीचा. बर्फ डिसेंबरच्या अखेरीस हमखास असतो, हा भरवसा आता उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ तपकिरी गवताचे होते आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ उशिरा आले की हे असं होतं. फेब्रुवारीत बर्फ चांगला असतो, थंडी थोडी सोसवते, गर्दी कमी असते; पण शाळेच्या परीक्षा तोंडावर. मग उरतो मे महिना, आणि खरी चूक मे महिन्यात होते. खाली बर्फ नसतो म्हणून लोक त्याच्या मागे वर वर जातात. अफरवट, ३,९७८ मीटरवरचा रोहतांग, सिक्कीममधला ४,३०० मीटरचा नाथू ला, नाही तर थेट विमानाने ३,५०० मीटरच्या लेहला. बर्फाचा एक मळका ढीग आणि त्यावर मॅगीची गाडी, यासाठी बालवाडीतल्या मुलाला तिथे नेलं जातं. पहिली-दुसरीतल्या मुलाचे फेब्रुवारीतले चार दिवस बुडाले तर त्याचं शिक्षण बुडत नाही, हे शाळांनीही मान्य करायला हरकत नाही.

ठाण्याचं कुटुंब तर फेब्रुवारीत निघावं. पहिल्या दोन रात्री श्रीनगर, दल सरोवराकाठी आजीच्या गुडघ्यांना सोसेल एवढंच फिरणं. तिसऱ्या दिवशी दुपारी गुलमर्ग, त्या दिवशी फक्त अंगणातला बर्फ. चौथ्या दिवशी सकाळी मुलाचा स्कीचा पहिला धडा, दुपारी सगळ्यांची झोप. पाचवा दिवस मुद्दाम रिकामा, वाऱ्याला, सर्दीला किंवा कंटाळ्याला द्यायला. तोही सुरळीत गेला, मुलगा रात्री पोटभर जेवून गाढ झोपला, तर सहाव्या दिवशी हवा स्वच्छ असताना त्याने बाबांबरोबर दुसऱ्या टप्प्यावर जाऊन तासाभरात परत यावं. अडीच वर्षांची बहीण तेव्हा खाली, हॉटेलसमोरच्या हातभर उतारावर, प्लास्टिकच्या घमेल्यात बसून आईला दहाव्यांदा 'पुन्हा' म्हणत असेल, आणि आजी उन्हात खुर्ची टाकून, कानटोपी सरकली की ओरडत असेल.